होमस्कूलिंग आणि अकरावीचं अमेरिकन साहित्य: अभ्यासक्रम कसा निवडाल?

अमेरिकेत होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना घरीच शिकवणाऱ्या, मराठी घरांत गणित-विज्ञानाची फारशी धास्ती नसते. आईबाबांपैकी एकाला तरी कॅल्क्युलस येतं, नाही आलं तर कुणाला फोन करायचा ते माहीत असतं. गाडं अडतं ते हायस्कूलच्या इंग्रजीत, आणि त्यातही अकरावीच्या अमेरिकन साहित्यात. आपलं स्वतःचं शिक्षण पुणे-नाशिक-नागपूरकडचं. तिथल्या इंग्रजीच्या पुस्तकात फ्रॉस्टची एखादी कविता भेटली असेल तर असेल. हॉथॉर्न, डग्लस, हर्स्टन ही नावं आपण मुलांबरोबरच पहिल्यांदा वाचतो. त्यात वाईट काही नाही, पण अभ्यासक्रम विकत घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

बहुतेक पालक पुस्तकांच्या याद्या समोर ठेवून तुलना करतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. याद्या बऱ्याचशा सारख्याच असतात, कुठलाही अभ्यासक्रम उघडा, 'द स्कार्लेट लेटर' आणि 'द ग्रेट गॅट्सबी' भेटतातच. खरा फरक मूल जे लिहील ते कोण वाचणार, कसं तपासणार आणि किती वेळा परत लिहून घेणार, यात असतो. हे आधी ठरवलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आधी कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण लवकर उरकतो. होमस्कूलिंग पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, नियम मात्र राज्यागणिक वेगळे. टेक्सासमध्ये घरची शाळा ही खाजगी शाळा मानली जाते आणि कुणाला अभ्यासक्रम दाखवावा लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये वर्षाच्या सुरुवातीला शिक्षणाचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल आणि वर्षाअखेर मूल्यमापन लागतं. पेनसिल्व्हेनियात मुलाच्या कामाची फाईल ठेवून ती मूल्यमापकाला दाखवावी लागते, आणि पदवीसाठी चार वर्षं इंग्रजी हवंच. आपल्या राज्याचा सध्याचा नियम राज्याच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर वाचा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी सांगितलेला नियम दुसऱ्या राज्याचा असू शकतो.

अकरावीलाच अमेरिकन साहित्य घ्या असा दंडक सहसा नसतो. तरी शाळांमध्ये रूढी तीच आहे, कारण त्याच वर्षी अमेरिकेचा इतिहासही असतो आणि दोन्ही विषय एकमेकांना हात देतात. घरीही ही जोडी मोडू नये असं मला वाटतं. यादवी युद्ध इतिहासात झालेलं असेल तर त्या काळचा कवी व्हिटमन समजावून सांगावा लागत नाही.

हायस्कूलच्या विषयाचं एक क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने १२० तासांचा अभ्यास, हा कार्नेगी युनिटचा जुना हिशोब. शाळांसारखे ३६ आठवडे आणि आठवड्याला पाच तास धरले तर १८० तास होतात. वाचनाचे तास यातच येतात.

दोन अपवाद आत्ताच सांगते. मूल खेळाडू असेल आणि एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या क्रीडासंघटनेच्या, पहिल्या विभागात खेळायची इच्छा असेल, तर १६ मुख्य विषयांपैकी चार वर्षं इंग्रजीची असतात, आणि होमस्कूलवाल्यांना प्रत्येक विषयाचा तपशील, पुस्तकांसकट, लिहून द्यावा लागतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचा विचार असेल तर त्यांची ए-टू-जी अट, म्हणजे प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांची यादी, पाहा. घरी आखलेला विषय त्यांच्या मान्य यादीत नसतो. मान्यता असलेल्या ऑनलाइन शाळेचा किंवा कम्युनिटी कॉलेजचा विषय चालतो.

निबंध कोण तपासणार?

इथे थांबा आणि नवरा-बायकोने बसून खरं बोला. वर्षाला सहा ते आठ मोठे निबंध व्हायला हवेत. प्रत्येक निबंध दोनदा तरी वाचावा लागतो, एकदा कच्चा आणि एकदा सुधारलेला. नीट वाचून शेरे लिहायला अर्धा तास सहज जातो. शिवाय आठवड्यातून एकदा पुस्तकावर बोलायला हवं. दोघंही पूर्णवेळ नोकरी करत असाल तर हा वेळ कुठून येणार ते कॅलेंडरवर दाखवता आलं पाहिजे. आला नाही, तर पालकाने शिकवायचा अभ्यासक्रम कितीही सुंदर असो, तो कपाटातच राहणार.

वेळ आहे पण 'आपल्याला निबंध तपासता येईल का' अशी शंका असेल, तर ती काढून टाका. आपण ऑफिसात दुसऱ्याचा अहवाल वाचून 'इथे पुरावा कुठे आहे' असं विचारतोच, इथेही तेच विचारायचं. मदतीला कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या एपी (हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा विषय) इंग्लिश लँग्वेजची गुणपद्धती घ्या, ती सगळ्यांना मोफत उपलब्ध आहे. सहा गुणांपैकी एक मुद्द्याच्या स्पष्ट मांडणीला, चार पुरावा आणि त्यावरच्या विवेचनाला, एक विचारांच्या खोलीला. चार गुण पुरावा आणि विवेचनाला आहेत हे मुलालाही दाखवा. आपली मुलं कथानक पुन्हा सांगतात आणि त्यालाच निबंध समजतात. उतारा दिला, पण तो तुमचा मुद्दा कसा सिद्ध करतो, हे एक वाक्य सतत विचारत राहायचं. व्याकरणाच्या चुका शेवटी. आपण सगळे आधी त्यांच्याच मागे लागतो, कारण त्या सोप्या दिसतात.

आता एआयचाही प्रश्न आहे. दर दोन निबंधांपैकी एक समोर बसून, कागदावर, पन्नास मिनिटांत लिहायला सांगा. मग घरी लिहिलेल्या निबंधाचा आवाज तोच आहे का हे लगेच कळतं.

वेळ नसेल तर काम बाहेर द्या, त्यात कमीपणा काही नाही. आपण गणिताला शिकवणी लावतो तेव्हा कुठे लाज वाटते? पर्याय साधारण असे.

जवळच्या को-ऑपमध्ये, म्हणजे होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांनी मिळून चालवलेल्या वर्गांत, कुणी साहित्य शिकवत असेल तर तो सगळ्यात स्वस्त आणि बहुतेकदा सगळ्यात जिवंत मार्ग, कारण तिथे चर्चेला इतर मुलं असतात. नाव घालण्याआधी त्या को-ऑपमध्ये श्रद्धापत्रावर, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा मान्य असल्याच्या कागदावर, सही लागते का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी लागते.

ऑनलाइन वर्गात वेल-ट्रेन्ड माइंड अकॅडमी किंवा एपी होमस्कूलर्ससारखी ठिकाणं आहेत. नाव घालण्याआधी एकच प्रश्न विचारा: निबंधावर शिक्षक लेखी शेरे देतात का, की फक्त गुण?

कम्युनिटी कॉलेजात अमेरिकन साहित्य सहसा दोन सत्रांत विभागलेलं असतं, पहिलं साधारण १८६५ पर्यंत आणि दुसरं तिथून पुढे. हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीचं क्रेडिट मिळतं. पण तिथली 'सी' श्रेणी कॉलेजच्या नोंदीत कायमची राहते. लिखाण अजून कच्चं असेल तर हे बारावीवर ढकला.

परीक्षांबद्दल थोडक्यात. एपी इंग्लिश लँग्वेज हा अमेरिकन साहित्याचा विषय नव्हे, तो युक्तिवाद आणि गद्यलेखनाचा विषय आहे. पण अमेरिकन निबंध आणि भाषणं त्यात फार छान बसतात, म्हणून अकरावीला ही जोडी अनेक जण घेतात. परीक्षा मे महिन्यात असते आणि आपल्या मुलाला बसू देईल अशी शाळा पालकांनाच शोधावी लागते. हे काम सप्टेंबरातच करा, नोंदणी नोव्हेंबरात संपते. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या गुणपत्रकावर, विषयाला 'एपी' म्हणायचं असेल तर कॉलेज बोर्डाकडून अभ्यासक्रम मंजूर करून घ्यावा लागतो. नुसती परीक्षा द्यायला त्याची गरज नाही. क्लेप म्हणजे नुसती परीक्षा देऊन कॉलेजचं क्रेडिट मिळवायची सोय. तिची अमेरिकन साहित्याची परीक्षा ९० मिनिटांची, ५० गुणांना उत्तीर्ण धरायची शिफारस आहे. सरकारी विद्यापीठांत ती अनेकदा चालते, नामांकित खाजगी कॉलेजात बहुधा नाही.

अभ्यासक्रमाचा धर्म कोणता?

नवख्या मराठी पालकाला इथे सगळ्यात मोठा धक्का बसतो. अमेरिकेत होमस्कूलिंगची बाजारपेठ मोठ्या प्रमाणात ख्रिस्ती कुटुंबांनी उभी केली आहे. अबेका आणि बीजेयू प्रेस यांची अमेरिकन साहित्याची पाठ्यपुस्तकं नीटनेटकी आहेत, चाचण्या आणि उत्तरं तयार मिळतात, म्हणून नोकरीवाल्या पालकांना मोह होतो. पण प्रत्येक लेखकाला त्यात बायबलच्या फूटपट्टीने मोजलेलं असतं. नॉटग्रासचं 'एक्सप्लोरिंग अमेरिका' इतिहास, साहित्य आणि बायबल एकत्र शिकवतं आणि तीन क्रेडिटं देतं. त्यातलं एक काढून दोनच घेणं शक्य आहे, पण विणकाम उसवावं लागतं. धर्मनिरपेक्ष हवं असेल तर व्हरमाँटचं ओक मेडो पाहा. कॉमनलिट ही ना-नफा संस्था उतारे आणि प्रश्न मोफत देते.

नमुना पानं मागवली की पहिलं पान वाचू नका. सरळ फ्रेडरिक डग्लसवर, म्हणजे स्वतः गुलामगिरी भोगलेल्या लेखकावर, जा. १८४५ च्या त्याच्या आत्मकथनात गुलामांना फटके मारून वर बायबलची वचनं म्हणणाऱ्या मालकांवर त्याने कडाडून टीका केली आहे. अभ्यासक्रम तो भाग देतो का, आणि त्यावर काय विचारतो? मग मूळ निवासी लोकांचं साहित्य कुठे आहे ते पाहा: सुरुवातीच्या एका धड्यात सृष्टीकथा देऊन संपवलंय, की एन. स्कॉट मोमाडेसारखा विसाव्या शतकातला लेखकही आहे? आणि शेवटी, १९५० नंतर कोण उरतं? या तीन ठिकाणी अभ्यासक्रम स्वतःविषयी सगळं सांगून टाकतो.

याची उलटी बाजूही सांगायला हवी. धार्मिक आहे म्हणून प्युरिटनांना, म्हणजे सुरुवातीच्या वसाहतीतल्या कडव्या ख्रिस्ती लोकांना, गाळू नका. ब्रॅडफर्ड, अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट, जोनाथन एडवर्ड्सचं १७४१ चं नरकाग्नीचं प्रवचन, हे वाचल्याशिवाय 'द स्कार्लेट लेटर'मध्ये हॉथॉर्न कशाशी भांडतोय ते कळत नाही. श्रद्धा म्हणून शिकवणं वेगळं आणि साहित्य म्हणून वाचणं वेगळं, हा फरक सोळा वर्षांच्या मुलाला छान कळतो.

बांधणी कशी हवी

संकलनग्रंथात दोनशे-तीनशे वर्षांचे तुकडे एकत्र मिळतात. होल्टचं 'एलिमेंट्स ऑफ लिटरेचर, फिफ्थ कोर्स' किंवा प्रेंटिस हॉलचं 'द अमेरिकन एक्स्पीरियन्स' ही शाळांतली पुस्तकं जुन्या आवृत्तीत अगदी थोडक्या पैशांत मिळतात. शिक्षक आवृत्ती त्याच वर्षाची मिळतेय ना तेवढं पाहा, नाहीतर पानं जुळत नाहीत. 'नॉर्टन अँथॉलॉजी'ची संक्षिप्त आवृत्ती कॉलेजच्या पातळीची आहे. तिच्यात प्रश्न नाहीत, पण टिपा आणि लेखकांच्या ओळखी उत्तम. संकलनाचा तोटा उघड आहे, मूल पूर्ण कादंबरी कधी वाचतच नाही.

मार्गदर्शिका प्रकारात पुस्तकं तुम्ही आणता, ती फक्त वाट दाखवते. जॅनिस कॅम्पबेल यांच्या 'एक्सलन्स इन लिटरेचर' मालिकेतला तिसरा भाग अमेरिकन साहित्याचा. सूचना थेट विद्यार्थ्याला उद्देशून आहेत, एकेका मुख्य पुस्तकावर चार आठवडे, जोडीला संदर्भवाचन आणि शेवटी निबंध. स्वतःहून वाचणाऱ्या मुलाला हे मानवतं. ज्याच्या मागे लागावं लागतं, तो दुसऱ्याच महिन्यात मागे पडतो. ह्युइटचं 'लाइटनिंग लिटरेचर' जरा जास्त हात धरतं, पण त्याचे अमेरिकन साहित्याचे दोन्ही भाग एकोणिसाव्या शतकापुरतेच आहेत. दोन्ही घेतले तर वर्ष भरतं, आणि विसावं शतक तुमच्यावर राहतं. मी एकच भाग घेऊन दुसरं सत्र स्वतः आखायला सांगेन.

स्वतः आखायचंच असेल तर आठ पुस्तकं पुरेत. प्रत्येकाला तीन आठवडे म्हणजे चोवीस. सुरुवातीच्या काळाला दोन, कविता आणि कथांना सहा, आणि चार आठवडे मोकळे. दिवाळी, भारतवारी आणि 'माझं अजून वाचून व्हायचंय' यासाठी हे चार आठवडे लागतातच.

माझी यादी अशी: डग्लसचं आत्मकथन, 'द स्कार्लेट लेटर', थोरोच्या 'वॉल्डन'मधली निवडक प्रकरणं, 'हकलबरी फिन', 'द ग्रेट गॅट्सबी', झोरा नील हर्स्टनचं 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड', लॉरेन हॅन्सबेरीचं नाटक 'अ रेझिन इन द सन' आणि झुम्पा लाहिरीचा 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज'. 'मोबी डिक' यात नाही. ज्याला वाचायची असेल त्याला खुशाल वाचू द्या, पण सक्तीने ती वाचून घेतली की पोरगं पुस्तकांनाच रामराम ठोकतं.

क्रम काळानुसारच हवा असं नाही. सप्टेंबरात प्युरिटन प्रवचनांनी सुरुवात केली तर उत्साह ऑक्टोबरातच मावळतो. पो आणि केट शोपॅन यांच्या दोन-तीन कथा, मग डग्लस, मग मागे वळून सुरुवातीचा काळ, असं केलं तर चालतं. भिंतीवर एक कालपट्टी लावा म्हणजे गोंधळ होत नाही.

'हकलबरी फिन'मध्ये वंशद्वेषी शिवी शेकड्यांनी येते. ते आधी सांगून, त्यावर बोलून मगच पुस्तक हाती द्या. मोठ्याने वाचताना तो शब्द उच्चारायचा नाही, एवढा नियम घरात करून टाका. आणि डग्लस वाचून झाल्याशिवाय हे पुस्तक घेऊ नका. गुलामगिरीबद्दल पहिला आवाज ज्याने ती भोगली त्याचा असावा.

आपल्या बाजूने काय जोडता येईल

कुठलाही तयार अभ्यासक्रम हे देणार नाही. आपल्या मुलांना मात्र या विषयात शिरायला यापेक्षा चांगलं दार नाही, म्हणून इथे जरा रेंगाळते.

'वॉल्डन' १८५४ चं. त्यातल्या हिवाळ्यातल्या तळ्याच्या प्रकरणात मजूर तळ्यातला बर्फ कापून नेताना थोरो पाहतो, आणि मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक आपल्या विहिरीचं पाणी पिणार म्हणतो. तिथेच तो सकाळी भगवद्गीता वाचत असल्याचं सांगतो, आणि वॉल्डनचं पाणी गंगेच्या पाण्यात मिसळतं. न्यू इंग्लंडचा बर्फ त्या काळी जहाजाने खरोखर मुंबईला येत असे. मुलाला विचारा: थोरोची गीता आणि आजीची गीता एकच आहे का? तो कशाकडे लक्ष देतो, काय सोडून देतो? हा चार पानी निबंधाचा विषय आहे. टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'चा शेवट बृहदारण्यक उपनिषदातल्या 'दत्त, दयध्वम्, दम्यत'वर येतो. १९२२ ची ही कविता अवघड आहे, पण शेवटचा भाग तेवढा वाचून दाखवता येतो.

डग्लसनंतर जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' काढा. १८७३ साली आलेलं हे पुस्तक त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. अर्पणपत्रिका इंग्रजीतच आहे, त्यामुळे मराठी वाचता न येणाऱ्या मुलालाही ती थेट वाचता येते. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' घेणार असाल तर १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना लिहिलेलं पत्र आणि त्यांचं उत्तर वाचा. दोन्ही मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या संग्रहात आहेत आणि इंटरनेटवर पाहता येतात. कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूजच्या कविता वाचताना १९७२ साली मुंबईत सुरू झालेल्या दलित पँथरचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून कसं आलं ते सांगा. आणि मराठी येणारं मूल असेल तर पंडिता रमाबाईंचं १८८९ चं अमेरिकेचं प्रवासवर्णन. बाहेरून आलेल्या एका मराठी बाईला हा देश कसा दिसला, हे थोरो आणि डग्लसच्या शेजारी ठेवून वाचायला फार मजा येते.

यातलं सगळं करू नका. वर्षभरात एक जोडी नीट झाली तरी पुरे.

पैसे कुठे वाचतात

अमेरिकेत १९७८ आधीचं पुस्तक प्रकाशनानंतर फार तर ९५ वर्षांनी स्वामित्वहक्कातून सुटतं. १९२५ चं 'गॅट्सबी' २०२१ मध्ये मोकळं झालं, एकोणिसावं शतक तर सगळंच मोकळं. प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि स्टँडर्ड ईबुक्सवर पुस्तकं, लिब्रिवॉक्सवर ध्वनिमुद्रणं मोफत. हर्स्टन, हॅन्सबेरी, लाहिरी मात्र विकत किंवा ग्रंथालयातून. ग्रंथालयाच्या कार्डावर ई-पुस्तकांचं लिबी अ‍ॅप चालतंच. तरी ज्या पुस्तकावर निबंध लिहायचा ते कागदी आणि स्वतःचं असू द्या, समासात पेन्सिल चालवता आली पाहिजे.

पालकांसाठी: येल विद्यापीठाची हेमिंग्वे, फिट्झजेराल्ड आणि फॉकनर यांच्यावरची पूर्ण व्याख्यानमाला मोफत आहे. भांडी घासताना ऐका, बुधवारच्या चर्चेत मुलाच्या एक पाऊल पुढे असाल.

पूर्ण वर्षाचे पैसे भरण्याआधी

उन्हाळ्यात एकच घटक करून पाहा. नमुना धडा, एक कथा, एक निबंध, आणि तो तपासून परत लिहून घेणं, सगळं चक्र एकदा पूर्ण फिरवा. मुलाला वाचन आवडलं का, हे तर पाहाच, पण रविवारी रात्री निबंध तपासायला तुम्ही खरंच बसलात का, हेही पाहा. बसला नसाल तर अभ्यासक्रम बदलण्याऐवजी तपासणारा बदला.

नोंदी

ट्रान्सक्रिप्टवर 'इंग्लिश थ्री: अमेरिकन लिटरेचर' एवढं साधं नाव पुरतं. 'ऑनर्स' लावणार असाल तर जास्तीचं काय केलं ते दाखवता आलं पाहिजे. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र प्रवेशअर्जात, काउन्सिलरची (शाळेच्या समुपदेशकाची) जागा होमस्कूलिंग करणारे पालकच भरतात, ट्रान्सक्रिप्ट आणि शाळेची ओळख तेच चढवतात. विषयाचं वर्णन सात-आठ ओळींचं असावं: पूर्ण वाचलेली पुस्तकं, निबंधांची संख्या आणि विषय, कुणी शिकवलं, गुण कसे दिले. फाईलमध्ये सर्वात चांगले तीन निबंध, शेऱ्यांसकट, ठेवा. काही कॉलेजं तपासलेलं लिखाण मागतात. वर्णन जूनमध्येच लिहून टाका, कारण पुढचा अर्ज १ ऑगस्टला उघडतो आणि तोवर मार्चमध्ये नेमकी कुठली कविता वाचली ते घरात कुणालाच आठवत नाही.